पाखरे जमवून घेतात, म्हणून...



२०२४ च्या मे महिन्यात आपल्या चर्चच्या आवारातला, विहिरीशेजारचा जुना उंबर आम्ही तोडला. 'आम्ही' म्हणजे कोण, हे आधी सांगायला हवे. अर्जावर सही प्रमुख धर्मगुरूंची होती, ठराव धर्मग्राम परिषदेचा होता आणि सभेत हात वर करणाऱ्यांत आपल्यापैकी बरेच जण होते. तेव्हा या लेखात जिथे जिथे 'आम्ही' असे म्हटले आहे, तिथून कोणी स्वतःला वगळू नये. हे लिहिणाऱ्याने तर मुळीच नाही.

कारणे होती. मुळांनी कुंपणाची भिंत ढकलली होती. पिकलेली उंबरे खाली पडत, चपलांना चिकटत आणि माशा घोंगावत. लग्नाच्या दिवशी नवरीच्या पांढऱ्या पोशाखावर उंबर पडले, त्याची कुरबुर तर वर्षभर चालली. सर्वांत मोठे कारण म्हणजे रविवारी दुसऱ्या मिस्साला येणाऱ्या गाड्या. जागा पुरेना. रीतसर अर्ज केला, रीतसर परवानगी मिळाली आणि दोन दिवस यांत्रिक करवत चालली. करवत लावण्याआधी वर कोणी पाहिले नाही. पाडलेल्या फांद्यांत कावळ्याचे एक घरटे निघाले. त्यातली दोन पिल्ले झाडलोट करणाऱ्या बाईंनी पदरात उचलून आणली. संध्याकाळपर्यंत ती गेली.

पुढचे काही दिवस आवारात गोंधळ होता. कावळे रिकाम्या जागेवर घिरट्या घालत ओरडत. साळुंक्या विहिरीच्या कठड्यावर येऊन बसत आणि जिथे फांदी होती तिथे पाहत. निदान आम्हांला तरी तसे वाटे. मग पाऊस आला आणि हळूहळू सगळे शांत झाले. उंबराच्या शेंड्यावरून पहाटे गाणारा दयाळ चर्चच्या छपरावरच्या क्रुसावर बसून गाऊ लागला. पुढच्या वर्षी तांबटाने सिस्टरांच्या कॉन्व्हेंटमागच्या शेवग्याच्या वाळक्या फांदीत नवे भोक कोरले. कावळ्यांनी दिव्याच्या खांबावर काटक्या आणि बांधकामाच्या तारांचे तुकडे जमवून घरटे केले. बुलबुलाच्या जोडीने तर चर्च ऑफिसच्या पडवीत टांगलेल्या कुंडीतच संसार मांडला.

एका रविवारी मिस्सानंतर परिषदेचे एक सदस्य खांबावरच्या घरट्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बघा फादर, उगाच मनाला लावून घेतलेत. पाखरांचे काही अडले नाही. ती जमवून घेतात."

खरे सांगायचे तर ते ऐकून आम्हांला बरे वाटले. आणि इतके बरे वाटले, म्हणूनच मनात शंका आली.

प्रश्न साधा आहे. ज्याचे नुकसान झाले त्याने निभावून नेले, तर नुकसान करणाऱ्याचा दोष कमी होतो का?

आपल्या गावातलेच उदाहरण घेऊ. वाडीच्या वाटणीत थोरल्या भावाने धाकट्याचा तुकडा दाबला. धाकटा कोर्टात गेला नाही. त्याने मुंबईला नोकरी धरली, कर्ज काढले, दुसरीकडे घर बांधले आणि मुलांना शिकवले. आज त्याचे बरे चालले आहे. आता थोरल्याने पापनिवेदनाला येऊन म्हणावे की 'फादर, त्याचे काही अडले नाही,' तर आम्ही काय सांगावे? धाकट्याने जे उभे केले ते त्याच्या घामाचे आहे. थोरल्याच्या खात्यात त्यातला एक पैसाही जमा होत नाही. दाबलेला तुकडा दाबलेलाच राहतो.

माणसांच्या बाबतीत हे आपल्याला चटकन पटते. पाखरांच्या बाबतीत पटत नाही, कारण त्यांना पाहताना आपण अर्धेच पाहतो. आपल्या आवारात आज जी पाखरे दिसतात ती जमवून घेतलेली आहेत. ज्यांना जमले नाही ती दिसतच नाहीत, आणि न दिसणाऱ्याची मोजणी कोणी करीत नाही. उंबराच्या ढोलीत पिंगळ्याचे एक जोडपे राहत असे. संध्याकाळच्या आंजेलसच्या घंटेनंतर त्यांचा कलकलाट सुरू होई आणि लहान मुले त्यांना घाबरत. तो आवाज आपल्यापैकी कोणी त्यानंतर ऐकला आहे का? पिंगळ्याला स्वतःला ढोली कोरता येत नाही. झाड म्हातारे होते, फांदी मोडते, तिथे कुजते, तांबट किंवा सुतार पक्षी भोक पाडतात, आणि मग कुठे पिंगळा, साळुंकी, पोपट अशांना घर मिळते. म्हणजे ढोली हे पुष्कळ वर्षांचे काम असते. हिवाळ्यात येणारा पिवळाधमक हळद्या आणि उंबरे पिकली की थव्याने उतरणारे हरियाल हेही आता येत नाहीत. हरियाल हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी. ते कुठे गेले, याचे उत्तर 'जमवून घेतले' हे नव्हे.

उंबराचे आणखी एक आहे. त्याला वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा फळे धरतात. आंबा, जांभूळ, करवंद यांचा हंगाम संपला की पाखरांचा उपास चुकवणारी जी थोडी झाडे आहेत, त्यांत उंबर, वड आणि पिंपळ यांचा क्रम वरचा. उंबर फोडला की आत बारीक चिलटे दिसतात. त्यांच्यावाचून उंबराला बी धरत नाही आणि उंबरावाचून त्या चिलटांना जन्म घ्यायला जागा नाही. आपल्याला ते आवारातले एक झाड वाटले. प्रत्यक्षात ती एक खानावळ होती, एक चाळ होती आणि एक प्रसूतिगृह होते.

आता जमवून घेण्याच्या किमतीकडे वळू. पडवीतल्या कुंडीतले बुलबुलाचे घरटे सर्वांनी कौतुकाने पाहिले, मोबाईलवर त्याचे फोटो काढले. तिसऱ्या आठवड्यात मांजराने पिल्ले नेली. उंबराच्या आडव्या बारीक फांदीच्या टोकाला मांजर पोहोचत नव्हते. कावळ्याच्या पिल्लांना काटक्यांऐवजी तारांवर वाढावे लागले. 'जमवून घेतले' या दोन शब्दांत हे सगळे झाकले जाते.

पाखरे बोलत नाहीत, त्यामुळे त्यांना काय सोसावे लागले हे कळायला मार्ग नसतो. पण एकदा तो मार्ग अचानक उघडला. संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या नावाने ओळखले जाणारे सॅन फ्रान्सिस्को हे अमेरिकेतले शहर. तेथील डोक्यावर पांढरे पट्टे असलेल्या एका जातीच्या चिमण्या वाहनांच्या गोंगाटात उंच पट्टीत आणि मोठ्याने गात. संशोधकांनी ते आधीपासून नोंदवून ठेवले होते. खालचे सूर रहदारीत बुडून जातात, म्हणून पाखरांनी ते सोडून दिले होते. पाहणाऱ्याला वाटावे, किती छान जमवून घेतले! मग २०२० साली करोनाची टाळेबंदी आली, रस्ते ओस पडले, आणि काही आठवड्यांतच त्या चिमण्या हळू आवाजात, पण अधिक भरदार गाऊ लागल्या. खालचे सूर परत आले. हा अभ्यास त्याच वर्षी 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आमच्या मनात तेव्हापासून एक विचार घर करून आहे. त्या चिमण्यांचे उंच पट्टीतले गाणे म्हणजे त्यांची पसंती नव्हती. ती त्यांच्यावर लादलेली तडजोड होती, आणि संधी मिळताच त्यांनी ती सोडली.

माणसाचेही असेच होते. अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक १९९८ साली ज्यांना मिळाले ते अमर्त्य सेन यांनी या गोष्टीकडे वारंवार लक्ष वेधले आहे. जी माणसे दीर्घकाळ हालात राहतात ती आपल्या इच्छाच आखूड करून घेतात. थोडक्यात समाधान मानायला शिकतात, कारण तसे न केले तर जगणे असह्य होईल. म्हणून एखादा माणूस समाधानी दिसतो एवढ्यावरून त्याला न्याय मिळाला असे म्हणता येत नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही हे परीक्षेपुरते वाचले होते. त्याचा अर्थ कळला तो एका आजींमुळे.

या आजींचे कौलारू घर आणि वाडी मुलांनी विकली. आता त्या चौथ्या मजल्यावर राहतात. पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर द्यायला गेलो की आम्ही विचारतो, "कसे काय आजी, बरे आहे ना?" त्या म्हणतात, "बरे आहे फादर. आता सवय झाली." सूनबाईही सांगतात की सासूबाईंनी छान जमवून घेतले आहे. एकदा बोलता बोलता आजी म्हणाल्या, "अजून पहाटे चारला जाग येते. वाटते, रहाट चालू करायला हवा." आणि हसल्या. त्यांची तक्रार नव्हती. त्या मुलांना दोषही देत नव्हत्या. पण त्या क्षणी आम्हांला कळले, की 'सवय झाली' हे शब्द आजींचा मोठेपणा सांगतात. मुलांनी जे केले ते योग्य होते की अयोग्य, याबद्दल ते काहीच सांगत नाहीत. त्याचा निर्णय मुलांनाच आपल्या सदसद्विवेकबुद्धीपुढे करावा लागेल.

येथे कोणी पवित्र शास्त्राचा आधार घेईल. आकाशातील पाखरे पेरीत नाहीत, कापणी करीत नाहीत, तरी स्वर्गीय पिता त्यांना खाऊ घालतो, असे प्रभू येशूनेच सांगितले आहे. मग आम्ही काळजी का करावी? पण पिता त्यांना खाऊ घालतो ते कशातून? आपल्या आवारात तो त्यांना उंबरातून खाऊ घालीत होता. ताट आम्ही काढून घेतले आणि वर म्हणालो, देव देईल. देव देतोच. त्याने शेवगा दिला, क्रूस दिला, दिव्याचा खांब दिला. ते त्याचे औदार्य आहे, आमचे निर्दोषत्व नव्हे.

मत्तयकृत शुभवर्तमानात पाखरांविषयी आणखी एक वचन आहे, ते आपण कमी आठवतो. बाजारात क्षुल्लक किमतीला विकल्या जाणाऱ्या चिमण्यांपैकी एकही पित्याच्या नकळत भुईवर पडत नाही, अशा अर्थाचे ते आहे. चिमणी पडतच नाही, असे प्रभू म्हणत नाही. ती पडते, आणि ते पडणे नोंदले जाते. पदरात आणलेली ती दोन पिल्ले आमच्या कोणत्याही नोंदवहीत नाहीत. पण ती कुठेतरी लिहिलेली आहेत, या जाणिवेने मिस्सासाठी वेदीकडे जाताना आमचे पाऊल अनेकदा अडखळले आहे.

जुन्या करारातील 'अनुवाद' या पुस्तकात दोन लहान नियम आहेत. एखाद्या नगराला वेढा दिला तरी तिथल्या फळझाडांना कुऱ्हाड लावू नये, असा एक. वाटेत घरटे सापडले आणि पक्षीण अंड्यांवर किंवा पिल्लांवर बसलेली असली, तर तिला पिल्लांसह धरू नये, तिला जाऊ द्यावे, असा दुसरा. युद्ध आणि भूक, यांहून मोठी निकड कोणती? त्या निकडीतही शास्त्र माणसाला थांबून वर पाहायला लावते. संत थॉमस अक्वायनस यांनी अशा नियमांचा अर्थ सांगताना म्हटले होते, की मुक्या जीवांवर दया करण्याची सवय लागली की माणूस माणसावरही दया करायला शिकतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात एक पाऊल पुढे टाकले. माणसाला उपयोग असो वा नसो, प्रत्येक जीवाला देवापुढे स्वतःचे मोल आहे, अशी शिकवण त्यांनी दिली. पिंगळा कोणाच्या उपयोगाचा नव्हता. पण त्याचा तो कर्कश कलकलाटही देवाची स्तुतीच होती, आणि ती स्तुती या आवारातून आम्ही बंद केली.

मग झाड तोडणे हे नेहमीच पाप आहे का? नाही. आपण वाडीवाले आहोत. केळीचा लोंगर उतरवला की केळ कापावी लागते, वठलेला माड पाडावा लागतो. उंबर शाळेच्या छपरावर कोसळण्याच्या बेतात असता, तर तो पाडणे आमचे कर्तव्य ठरले असते. तरीही पाखरांचे नुकसान ते नुकसानच असते आणि त्याची खंत वाटणे योग्यच असते. पण इथे तसे नव्हते. भिंत दोन हात वळवता आली असती. गाड्यांसाठी शाळेमागचे मैदान रविवारी मोकळेच असते. तिथून चर्चपर्यंत तीन मिनिटे चालावे लागते. प्रामाणिक हिशेब केला, तर आमच्या तीन मिनिटांसाठी ते झाड गेले.

हे आणखी एका कारणाने बोचते. याच वसईत १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासोबत आपली माणसे हरित वसईसाठी रस्त्यावर उतरली होती. २५ जुलै २०२४ रोजी फादर देवाघरी गेले. आपण सर्वांनी डोळे पुसत त्यांच्या कार्याचे गुणगान केले. त्या दिवशी आमच्या उंबराचा बुंधा अजून ओला होता.

आता पुढे काय? प्रायश्चित्त संस्काराविषयी आपण लहानपणी जे शिकलो तेच इथेही लागू आहे. आधी पश्चात्ताप, मग कबुली, मग भरपाई. पश्चात्तापाबद्दल आणि कबुलीबद्दल हा लेख आहे. भरपाईच्या बाबतीत मात्र आम्ही थोडी लबाडी केली, तीही सांगून टाकतो. झाडाचे जेवढे वय तेवढी रोपे लावावीत, अशी तरतूद महाराष्ट्राच्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ साली झाली. उंबराचे वय चाळीस धरले गेले. आम्ही चाळीस रोपे लावली, फोटो काढला आणि मोकळे झालो. पण चाळीस तान्ही मुले म्हणजे चाळीस वर्षांचा एक कर्ता माणूस नव्हे. त्यातही बहुतेक रोपे शोभेची होती, रोपवाटिकेत स्वस्तात मिळाली म्हणून आणलेली. दोन उन्हाळ्यांत त्यांतली निम्मी गेली, कारण मे महिन्यात पाणी घालायला कोणी नव्हते.

म्हणून यापुढे काही साध्या गोष्टी करू या. राहिलेल्या रोपांची वाटणी प्रत्येक समूहाने आपापसांत करून घ्यावी आणि पाणी घालण्याची जबाबदारी घ्यावी. कोणत्याही झाडाची छाटणी करण्यापूर्वी एकाने खाली उभे राहून घरटी पाहावीत, आणि घरटे असले तर काम पुढे ढकलावे. कॉन्व्हेंटमागच्या शेवग्याची ती वाळकी फांदी कोणी 'साफ' करू नये. सिस्टरांनी तसे कबूल केले आहे. आणि एक आनंदाची बातमी. विहिरीच्या दगडी कठड्याच्या फटीत उंबराचे एक रोप उगवले आहे. ते आम्ही लावलेले नाही, पाखरांच्या विष्ठेतून आलेल्या बियाचे आहे. विहिरीच्या बांधकामाला ते धोक्याचे, म्हणून गवंडी ते उपटून टाकणार होता. पावसाळ्यात ते मुळांसकट काढून शाळेच्या मैदानाच्या कडेला लावायचे आहे, जिथे भिंत नाही आणि वाढायला जागा आहे. त्याला ढोली पडेल तेव्हा ती पाहायला आम्ही नसू. हरकत नाही.

शेवटी येत्या रविवारबद्दल. दुसऱ्या मिस्सानंतर धर्मग्राम परिषदेची खुली सभा आहे. हॉल वाढवण्यासाठी दफनभूमीच्या फाटकाजवळची चिंच काढावी, असा प्रस्ताव आहे. आपल्या आजी-आजोबांच्या अंत्ययात्रा तिच्या सावलीत थांबल्या आहेत. हॉलची गरज खरी आहे. लग्नाच्या दिवशी पावसात लोक उभे राहतात, हे आम्हांलाही दिसते. त्यामुळे कोणी कसे मत द्यावे हे आम्ही या पानावरून सांगणार नाही. एवढीच विनंती आहे, की या आठवड्यात एखाद्या सकाळी साडेसहाच्या सुमारास दहा मिनिटे त्या चिंचेखाली उभे राहावे आणि वर पाहावे. तिथे कोण कोण राहते ते आपल्या डोळ्यांनी पाहून मग सभेला यावे.

सभेत गरज किती खरी आहे यावर बोलू. दुसरा मार्ग आहे का यावर बोलू. खर्चावर, नकाशावर, चिंचेला वळसा घालण्यावर बोलू. फक्त एक वाक्य कोणी बोलू नये, अशी हात जोडून विनंती आहे. पाखरे जमवून घेतील, हे आपल्याला ठाऊक आहे. ते त्यांचे त्यांना बोलू द्यावे.

देव आपणां सर्वांना आशीर्वादित करो.

आपले धर्मगुरू